पातळ तुकडा

"वहिनींना दिले होते तसेच देऊ ना?" खाटकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो थंड खोलीच्या जाड दारामागे गेलाही. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाने मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर प्रश्न त्याच्या कानांतून आत पोचला. त्याचं नेहमी असंच व्हायचं. होकार आधी निघायचा आणि ऐकणं मागाहून सावकाश यायचं; जणू दोघं एकाच घरात राहत होते, पण त्यांचं आपसांत फारसं बोलणं नव्हतं.

खाटीक परत आला तेव्हा त्याच्या हातांवर मांसाचा लांबट ठोकळा होता, गडद तांबडा, कडेला चरबीची पांढरी किनार. त्याने तो फळीवर ठेवला आणि बाळाला थोपटावं तसा थोपटला.

"तसेच म्हणजे कसे?" गिऱ्हाइकाने जमेल तितक्या सहज विचारलं.

"म्हणजे एक जाड, एक पातळ. मागच्या आठवड्यात नेले की त्यांनी. कसे झाले?"

"झकास."

"मी म्हटलं होतं त्यांना, तवा धूर ओकेपर्यंत तापू द्या, मगच टाका. घाई करू नका. नाही ना केली?"

"नसेल केली," तो म्हणाला, आणि हे उत्तर चुकलं हे त्याचं त्यालाच कळलं. "नाही. नाही केली."

खाटकाने सुरी मांसावर टेकवली आणि एक भुवई वर केली. गिऱ्हाइकाच्या घरात काय शिजतं, कोण किती खातं, कोणाचा दात हलतोय, हे खाटकाइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आणि म्हणूनच तो जास्त विचारत नाही. "दोन्ही जाड द्या," तो माणूस म्हणाला. का म्हणाला ते त्याला सांगता आलं नसतं. बायकोने पातळ नेला होता म्हणून असेल.

"दोन्ही? बघा हं. घरी एकदा विचारून घेता का?"

"नको. आज मीच करणार आहे."

"अरे वा! मग आज वहिनींची मज्जा आहे," खाटीक म्हणाला, आणि सुरी एकदाच, न थांबता, खालपर्यंत गेली.

रस्त्यावर ऊन अजून टळलेलं नव्हतं. पिशवी चालताना पोटरीला लागत होती आणि दर वेळी गार वाटत होती. चालता चालता तो सोपा हिशेब मांडू लागला. आपल्या घरी स्टेक कधी झालेला नाही. लग्न झाल्यापासून नाही. मागच्या आठवड्यात आपण तो खाल्लेला नाही. पण मागच्या आठवड्यात ती दोन तुकडे घेऊन गेली आहे. एक जाड, एक पातळ. तिने एकटीने दोन खाल्ले नसणार. ती पोहायला शिकवते, भूक तिला सपाटून लागते, तरी दोन नाही. म्हणजे एक तिचा. आणि एक कोणाचा? इथपर्यंत बेरीज बिनचूक येत होती आणि इथे येऊन ती थांबत होती, जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायाखाली नुसती हवा असावी, तशी.

हिशेब हा त्याचा धंदाच होता. विमा कंपनीसाठी तो नुकसान बघायला जायचा. जळालेली गोदामं, पाणी शिरलेली तळघरं, पडलेली छपरं. मालक रडत असायचा किंवा रडल्याचा आव आणत असायचा, आणि हा राखेत उकिडवा बसून ठरवायचा की आग लागायच्या आधी हे नेमकं किती मोलाचं होतं. कोणतीच गोष्ट नवी नसते, असा त्याचा सिद्धांत होता. माणूस वस्तू घरी आणतो त्या क्षणी ती झिजायला लागते, म्हणून दावा कितीचाही असो, झीज वजा झालीच पाहिजे. कचेरीत त्याला सगळे 'वजावट' म्हणत. कोणाला मुलगा झाला की म्हणत, वजावटला सांगू नका, तो पोराची झीज धरेल. तोही हसायचा. पण खरं सांगायचं तर त्याने आयुष्यात कशाचीही पूर्ण किंमत मान्य केलेली नव्हती. बायको नवी साडी नेसून समोर आली तरी तो "छान" म्हणायचा आणि त्या 'छान'मधून आधीच काहीतरी वळतं करून घेतलेलं असायचं. हे तिला कळत असे. तिला कळतं हे त्याला कळत नसे.

आज त्याने अर्धी रजा टाकली होती ती याच भानगडीपायी. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळत होती. मोठा तलाव, हाताखाली पाच-सहा शिकवणारे, राहायला जागा. हे तिने त्याला सांगितलं तेव्हा सकाळ होती आणि तो बुटाची नाडी बांधत होता. "बघू," तो म्हणाला होता. नाडी बांधून झाली, तो उठला, गेला. तो 'बघू' तेव्हापासून घरात होता, कोणी न उचललेल्या ओल्या टॉवेलसारखा. काल रात्री दिवा मालवताना ती म्हणाली, "उद्या जेवताना बोलू. परवापर्यंत कळवायचंय त्यांना." आवाजात राग नव्हता, लाडीगोडी नव्हती. तलावावरच्या फलकावर पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं, तसं ते वाक्य होतं. अंधारात त्याला घाबरल्यासारखं झालं. ती जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. किंवा गेली तर आपल्याला सोडून जाऊ नये. पण हे वाक्य कसं बोलतात ते त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने स्वयंपाक करायचं ठरवलं.

आणि स्टेकच, कारण लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते दोघं एका स्टेकहाउसमध्ये गेले होते. काळोख्या लाकडाच्या भिंती, चामड्याच्या खुर्च्या, फायलीएवढं जड मेनूकार्ड. वेटरने विचारलं, कसं हवं? ती म्हणाली, आत गुलाबी. हा म्हणाला, पूर्ण शिजवा, अजिबात लाल नको. वेटरने ते असं लिहून घेतलं की जणू पोलिसात तक्रारच नोंदवतोय. मग वाइन आली, आणि शेवटी चॉकलेटचा छोटासा गरम केक, चमचा लावला की आतून वितळलेलं चॉकलेट बाहेर यायचं. ते पाहून ती एवढी खूश झाली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. चमचा चाटत ती म्हणाली होती, "हे घरी करता यायला हवं रे. म्हणजे मग उठून जावं लागणार नाही." त्यावर आपण काय म्हणालो, हे त्याला आठवत नव्हतं. बहुतेक 'बघू'च म्हणालो असू.

घरी येऊन त्याने मांस ताटलीत काढलं, वर मीठ आणि भरडलेली मिरी घातली आणि ते खोलीच्या उबेला ठेवलं. मग तवा काढायला वाकला. बिडाचा जाड तवा, वर्षानुवर्षं खालच्या कप्प्यात मागे पडलेला, गंजून तांबूस झालेला. आज तो पुढेच होता. गंज नव्हता. तेलाचा हात फिरवलेला, काळाभोर, गुळगुळीत. त्याने बोट फिरवून बोट नाकाशी नेलं. हे तो नकळत करत होता. आगीच्या जागी पहिल्यांदा नाकच कामाला लावायचं असतं. मग तो उभा राहिला आणि त्याने स्वयंपाकघराकडे पहिल्यांदाच परक्याचं घर बघावं तसं बघितलं. चमच्यांच्या खणात, अगदी आत, एक बूच. टोकाला जांभळा डाग. छताला लावलेली, धूर झाला की वाजणारी घंटा उघडी, आत बॅटरी नाही. पडद्याच्या वरच्या दुमडीला नाक लावलं तर करपलेल्या लोण्याचा वास, पुसट, पण होता. म्हणजे तवा धूर ओकेपर्यंत तापला होता. म्हणजे वाइन उघडली होती. म्हणजे कोणीतरी खुर्चीवर चढून घंटा बंद केली होती. तिचा हात तिथे पोचत नाही, म्हणजे तो उंच असणार. तो उंच माणूस त्याच्या डोळ्यांसमोर हात वर करून उभा राहिला, सदरा पोटावर जरा वर सरकलेला, आणि ती खाली उभी राहून हसतेय.

तिचं हसणं! तेही आठवलं, आणि आता ते सरळ पुराव्यात जमा झालं. मागच्या आठवड्यात तो कागदाच्या गोदामाची आग बघत होता. आग विझली तरी कागदाचे गठ्ठे आतून धुमसत राहतात, त्यामुळे दिवस-दिवस तिथेच काढावे लागले, घरी फक्त झोपायला जाणं. त्यांतल्या एका संध्याकाळी तिने दारातच विचारलं होतं, "डबा कसा होता?" तो म्हणाला, "बरा होता. ब्रेड जरा कोरडा." आणि ती हसली होती. म्हणजे किती हसली होती! भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याला बरं वाटलं होतं, चला, मूड चांगला आहे. पण कोरड्या ब्रेडमध्ये हसण्यासारखं काय असतं? कारणाशिवाय एवढं हसू येतं ते दुसरीकडे कुठेतरी सुख लागलेलं असलं म्हणजेच. हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, किंवा आत्ता स्वतःच रचलं होतं. दोन्हींत फरक करायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

जळालेल्या जागेत शिरायची एक रीत असते. जिथे कमी जळलंय तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू जास्त जळालेल्या बाजूला जायचं, म्हणजे आग कुठून आली ते आपोआप दिसतं. नवशिके थेट कोळशाच्या ढिगाकडे धावतात आणि तिथेच फसतात. हे तो नवशिक्यांना नेहमी सांगायचा. आज तो स्वतः तडक कोळशाच्या ढिगाकडे धावला आणि तिथे फतकल मारून बसला.

फरसबीची देठं मोडता मोडता त्याने बहिणीला फोन लावला. आक्का त्याच्याहून मोठी. तिला स्वयंपाकातलं कळतं आणि माणसांतलं त्याहून जास्त.

"आक्का, स्टेकबरोबर बटाटे उकडून घ्यायचे की तसेच ओव्हनमध्ये घालायचे?"

"कोण बोलतंय?"

"मी गं."

"आवाज तुझा आहे, पण प्रश्न तुझा वाटत नाही. उकड आधी. मग फोड, लोणी घाल, आत टाक. काय केलंयस तू?"

"काही नाही केलं."

"काही केल्याशिवाय पुरुष फरसबी मोडत नाही. आवाज येतोय मला देठांचा."

त्याने मोडलेली शेंग ताटलीत टाकली. "आक्का, समज, एखादी बाई घरी दोघांपुरतं आणते, चांगलंचुंगलं, वाइनबिइन, आणि नवऱ्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. तर?"

"तर नवरा बिनडोक असतो."

"तसं नाही. म्हणजे तिने जेवायला कोणाला बोलावलं असेल?"

पलीकडे आक्काने कसलंतरी झाकण ठेवल्याचा आवाज आला. "तुझ्या बायकोला तुला जेवू घालून वर आणखी कोणाला घालायची हौस उरलीय? तिचं मोठेपण आहे मग. हे बघ, वाइन तासभर आधी उघडून ठेव. आणि तोंडाने बोल जरा. तू लहानपणापासून नुसती मान हलवतोस. आईला वाटायचं पोरगं समजूतदार आहे. मी तेव्हाच सांगत होते, त्याला ऐकूच गेलेलं नसतं."

फोन ठेवल्यावर घर जास्तच गप्प झालं. त्याने बटाटे चढवले, वाइन उघडली, केकचं मिश्रण छोट्या वाट्यांत ओतून ठेवलं. हात कामं करत होते आणि तो त्यांच्या मागून चालल्यासारखा चालत होता. मधेच त्याला तलाव आठवला, जिथे ती त्याला पहिल्यांदा भेटली. तो शिकायला आलेला, वय वाढलेला, पाण्याला भिणारा. ती त्याला उताणा झोपवायची आणि पाठीखाली दोन तळवे धरायची. "धरलंय मी," म्हणायची. छताकडे बघत तो लाकडासारखा पडून राहायचा. मग एक दिवस बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली तर ती लांब काठावर उभी होती, केस पिळत. हात कधी काढले? त्याने विचारलं होतं. ती म्हणाली, ते सांगायचं नसतं, सांगितलं की माणूस बुडतो. त्या दिवशी त्याला केवढा अभिमान वाटला होता. आज ओट्याशी उभं असताना त्याला नुसती पाठ जाणवत होती, रुंद, उघडी, आणि तिच्याखाली तळवे आहेत की नाहीत हे कळायला काही मार्ग नव्हता. कधी काढले असतील? नाडी बांधत होतो तेव्हा? त्याच्याही आधी? आणि आपण तर अजून मजेत छताकडे बघत पडलोय.

ती आली तेव्हा उजेड होता. ओले केस, क्लोरीनचा वास, खांद्यावर दमलेली पिशवी. टेबलावरचे दोन काचेचे पेले, दुमडलेले रुमाल, धारदार सुऱ्या बघून ती दारातच थांबली.

"कोणी येणार आहे?"

"कोण येणार?" तो एकदम म्हणाला.

"मला काय माहीत. तुझा साहेबबिहेब."

"कोणी नाही. आपल्या दोघांसाठीच आहे."

"अस्सं," ती म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं भाजीवाल्याने मागितल्याशिवाय वर दोन लिंबं टाकावीत आणि घेणाऱ्याने आधी लिंबं उलटून बघावीत. मग ती तोंड धुवायला गेली.

तवा धूर ओकेपर्यंत तापला. मांस पडलं तेव्हा असा आवाज झाला की त्याला घंटेची आठवण होऊन त्याने वर पाहिलं. बॅटरीविना घंटा अर्थातच गप्प होती. लोणी, ठेचलेला लसूण, रोझमेरीची काडी. कडेने वितळलेलं लोणी चमच्याने वर घालत राहायचं, मग मांस फळीवर काढून थोडा वेळ नुसतं ठेवायचं, म्हणजे रस आत मुरतो. तेवढ्यात त्याने केकच्या वाट्या ओव्हनमध्ये सारल्या. दोन्ही एकसारखे, आत गुलाबी. हे त्याने मुद्दाम ठरवलं होतं. ती खाते तसंच आज आपणही खायचं. एवढ्या वर्षांनी एवढं तरी तिच्या नावावर जमा करायचं. शिवाय तो जो कोणी उंच माणूस होता, तो नक्की गुलाबीच खाणारा असणार.

पहिल्या घासाला तिने डोळे मिटले. "अरे, चांगलं झालंय हे."

आणखी कोणाकोणाचं चांगलं होतं, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने वाइनचा घोट घेतला. सुरीखाली मांस उघडलं आणि आतला ओला तांबडेपणा दिसला. त्याने लहानसा तुकडा तोंडात घातला आणि तो चावत राहिला.

"खाटीक विचारत होता," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यातले कसे झाले म्हणून."

ती बटाटा फोडता फोडता थांबली. "तू काय सांगितलंस?"

"झकास, म्हणालो."

"खोटारडा."

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही आलं."

"दोन होते."

"हो, दोन होते. एक जण येणार होता." तिने पेला उचलला, त्यातून खिडकीकडे बघितलं. "फोनवर म्हणाला, येतो, जेवायला थांब. मी तवा घासून घासून त्याचा गंज काढला. वाइन उघडून ठेवली. धुराने ती घंटा बोंबलायला लागली, तर खुर्चीवर स्टूल ठेवून चढले आणि बॅटरी काढली. पडले असते. मग परत फोन आला. म्हणाला, काम निघालं."

त्याच्या छातीवरून काहीतरी जड उतरलं आणि उतरता उतरता त्याच्या जागी राग येऊन बसला. आला नाही! म्हणजे काही झालं नाही. पण ही इथे स्टुलावर चढतेय आणि तो शहाणा येत नाही? कोण एवढा लागून गेलाय?

"काय माणूस आहे," तो म्हणाला. "कामं काय जगात त्याला एकट्यालाच असतात?"

"तेच म्हणते मी."

"मग तू काय केलंस?"

"माझा खाल्ला. त्याचाही शिजवला. उगाच. गार होऊन गेला."

"असल्या माणसाला पुन्हा उंबऱ्यात उभं करू नये."

"असं म्हणतोस?"

"म्हणजे काय! अगं, एखादीने एवढं करायचं आणि याने... माझ्याकडे त्याचा दावा आला असता ना, वाचलासुद्धा नसता. फेटाळला असता सरळ."

"वजावट करून थोडंफार तरी?"

"काही नाही. शून्य."

"बरं," ती म्हणाली. "लक्षात ठेवते."

तिचा चेहरा अगदी शांत होता. कुठेतरी काहीतरी चुकतंय एवढं त्याला वाटलं, पण कुठे ते कळेना. तोंडातला घास तसाच होता, चावून चावून चोथा झालेला, ओलसर, गोडुस. तो खाली जात नव्हता. "आणि पातळ कशाला घेतला होतास?" त्याने घास गालात सारून विचारलं. "एक पातळ, एक जाड."

"पातळ त्याच्यासाठी. आतपर्यंत शिजतो ना पातळ असला की. त्याला आत गुलाबी दिसलं की घास उतरत नाही." ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. "आत्ताही उतरत नाहीये."

होकार नेहमी आधी यायचा. या वेळी काहीच आधी आलं नाही. सगळं एकदम आलं. गोदामाबाहेर उभी केलेली गाडी, काचांवर राख, मांडीवर डबा. डब्यात ब्रेडच्या दोन जाड कापांमध्ये कसल्याशा मांसाच्या पट्ट्या, धाग्यांच्या आडव्या कापलेल्या, पूर्ण शिजलेल्या, गार, मिरीचा वास. एका हाताने जळालेल्या गठ्ठ्यांचे फोटो पुढे सरकवत त्याने तो खाल्ला होता. जरा चिवट वाटला होता. गोदामाच्या फाटकाशी एक खरजुलं कुत्रं बसलेलं होतं. आणि त्याच्याही आदल्या संध्याकाळी त्याच गाडीतून त्याने फोन केला होता, दोनदा. एकदा येतो म्हणून, एकदा येत नाही म्हणून. दोन्ही वेळा नजर धुराकडे. बूच, तवा, घंटा, पडदा, सगळा पुरावा जागच्या जागी होता आणि सगळा खरा होता. फक्त तो उंच माणूस हळूहळू बुटका होत होत टेबलाशी येऊन बसला, आणि त्याच्या समोर हाच रुमाल होता, हाच पेला.

"तेव्हाच मला तुला सांगायचं होतं," ती म्हणाली. "नोकरीचं. दुपारीच त्यांचा निरोप आला होता. म्हटलं, त्या हॉटेलातल्यासारखं बसून सांगू. आणि विचारू, येशील का म्हणून. मग ते नाडी बांधताना सांगावं लागलं."

"पण मांस कसलं होतं, ते तरी सांगायचंस."

"विचारलं की मी. डबा कसा होता? तू म्हणालास, ब्रेड कोरडा." तिच्या ओठाचा कोपरा हलला. "मी म्हटलं, चला, आला निकाल."

त्याने रुमाल तोंडाशी नेला आणि घास त्यात काढला. लाज वाटली, पण त्याच्याबरोबर थोडं मोकळंही. "अर्धा कुत्र्याला घातला मी," तो म्हणाला. हे सांगायची काहीच गरज नव्हती. कोणी विचारलेलं नव्हतं.

"कुत्र्याला?"

"गोदामाच्या."

"त्याने खाल्ला?"

"चाटूनपुसून."

"चला, कोणालातरी आवडला," ती म्हणाली, आणि तेच हसणं सुरू झालं, मागच्या आठवड्यातलं, भिंत नव्हती म्हणून टेबलाला धरून. तो ऐकत राहिला. त्यात काय काय होतं! राग होता, दमणूक होती, बहुधा थोडी मायाही होती, आणि काय किती याची विभागणी त्याला करता येईना. कमी जळालेली बाजू कुठली, तेच त्याला सापडत नव्हतं. मग तिने डोळे पुसले आणि नाक वर केलं. "काहीतरी जळतंय."

केक! तो धावला. वाट्या बाहेर काढून ताटलीत उपड्या केल्या. केक ठणठणीत उभे राहिले. तिने चमचा घातला. आतून काही वाहिलं नाही. वरपासून खालपर्यंत कोरडे, एकजात, पुरते शिजलेले.

"हे तुझ्यासारखे झाले," ती म्हणाली, आणि दुसरा चमचा घेतला. "वाईट नाही लागत पण. वाइनमध्ये बुडवून बघ."

त्यांनी कोरडा केक वाइनमध्ये बुडवून खाल्ला. बाहेर समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन नारिंगी झालं आणि एकेका मजल्यावरून वर सरकू लागलं. बोलायचं ते अजून राहिलंच होतं.

"त्यांना काय कळवणार?" त्याने विचारलं. ती जे काही सांगेल त्यातून काहीच वजा करायचं नाही, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

"कळवायच्या आधी एकदा बघून यावं म्हणते. तलाव, राहायची जागा. सकाळची गाडी आहे."

"मी येतो."

ती टेबलावरचे चुरे बोटाने एका जागी गोळा करत राहिली. "तू येतो म्हणालास ना, की मी दोन आणते," ती म्हणाली. "तेवढंच माझं चुकतं."

"या वेळी येतो."

"आणि तुझी उद्याची आग?"

"ती जळालेलीच आहे. आणखी काय जळणार."

यावर ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. भांडी उचलून ती बेसिनकडे गेली. तो ओट्याशी आला. त्याचा स्टेक जवळपास अख्खा उरला होता, तिचाही थोडा. त्याने तवा पुन्हा तापवला, आपला तुकडा आतपर्यंत शिजवला आणि फळीवर घेऊन धाग्यांच्या आडव्या पट्ट्या कापल्या, तिने कापल्या होत्या तशा. तिच्या पट्ट्या गुलाबीच ठेवल्या. ब्रेडला लोणी जास्त लावलं. मग फडताळ उघडलं. डबे दोन होते, त्याचा लहान आणि वरच्या फळीवरचा एक मोठा. दोन डब्यांचं एक असतं, एक डबा या बाजूला जाऊ शकतो आणि दुसरा त्या. त्याने मोठा खाली काढला, तळाशी तिचं ठेवलं, मधे कागद घातला, वर आपलं ठेवलं, आणि झाकण न लावता उभा राहिला.

"एकच भरलास?" तिने मागून विचारलं.

"एकच."

पाणी बंद झालं. ओल्या हातांचा, मग टॉवेलचा आवाज. मग चमच्यांचा खण उघडला. ती डब्याबरोबर न्यायला काटे काढत होती, हे त्याला पाठीला कळत होतं. धातूवर धातू वाजला. एक, तिच्यापुरता, की दोन? आवाज एकदाच आला होता, पण दोन काटे एकदम उचलले तरी आवाज एकच येतो. त्याच्या मानेत वळायची उबळ आली. त्याने डोळे छताकडे नेले, तिथल्या उघड्या, रिकाम्या घंटेकडे, आणि पाण्यावर उताणं पडावं तसं अंग सैल सोडून तो तसाच उभा राहिला.